भिंतीवरचे चेहरे

एखाद्या घराच्या दिवाणखान्यात किंवा उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगलेला चिनी मातीचा चेहरा तुम्ही कधी पाहिला आहे का? चेहरा पांढराशुभ्र आणि चकचकीत असतो. ओठ लाल रंगवलेले असतात. डोळ्यांच्या जागी दोन खाचा असतात. कधी गालावर काळ्या रंगाचा एकच अश्रू असतो, तर कधी डोक्यावर टोकदार टोपी आणि तिला सोनेरी घुंगरू. विसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेतील असंख्य घरांत असे मुखवटे होते. आज ते जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात आणि हौशी लोक ते जमवतात.

मुखवटा ही तोंडावर चढवायची वस्तू आहे. मग जो जड आहे, जो पडला तर फुटतो, जो कोणालाही चढवता येत नाही, असा मुखवटा माणसाने का बनवला? आणि भिंतीवरून आपल्याकडे पाहणारा हा चेहरा आहे तरी कोणाचा? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला इटली देशातील व्हेनिस या शहरात जावे लागेल.

पण त्याआधी एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत आपण थट्टेखोर माणसाला मसखरा म्हणतो. मराठीत थट्टेला मस्करी म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबी भाषेतील एकाच शब्दापासून आले आहेत. इटलीच्या भाषेत मुखवट्याला ‘मास्केरा’ म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते हा शब्दही त्याच अरबी शब्दापासून निघाला. इतर अभ्यासक त्याचे मूळ जुन्या लॅटिन भाषेत शोधतात. वाद अजून मिटलेला नाही. पण मुखवटा आणि मस्करी यांचे नाते किती जवळचे आहे, हे तुम्हाला पुढे दिसेलच.

ख्रिस्ती लोक ईस्टरच्या सणापूर्वी चाळीस दिवस उपवासाचे मानतात. जुन्या काळी या दिवसांत मांस खाणे, नाचगाणे, सगळे बंद असे. म्हणून हे दिवस सुरू होण्याआधी लोक मनसोक्त खाऊन-पिऊन, गाऊन-नाचून घेत. हाच कार्निव्हल. ‘मांस दूर करणे’ अशा अर्थाच्या शब्दांवरून हे नाव आले असे मानतात. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून हा उत्सव चालत आला आहे; तेथे त्याला ‘इंत्रूज’ असेही म्हणतात.

व्हेनिसचा कार्निव्हल मात्र सर्वांत प्रसिद्ध झाला तो मुखवट्यांमुळे. १२६८ सालच्या तेथील एका कायद्यात मुखवटा घालून लोकांवर अंडी फेकण्याचा खेळ खेळण्यास मनाई केलेली आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही मुखवटे होते आणि त्यांच्या आडून खोड्या करणारेही होते! १४३६ साली मुखवटे बनवणाऱ्या कारागिरांना त्यांच्या धंद्याचे स्वतंत्र नियम मिळाले. हे मुखवटे बहुधा कागदाचा लगदा, कापड किंवा कातडे यांचे असत.

व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे शहर. तेथे उमराव, सावकार, होडीवाले, नोकरचाकर अशा सर्वांना चिंचोळ्या गल्ल्यांतून एकमेकांना चुकवत जावे लागे. कोणाचा दर्जा काय, हे कपड्यांवरून आणि चेहऱ्यावरून लगेच कळे. मुखवटा चढवला की ही ओळख पुसली जाई. तेथे ‘बाउता’ नावाचा एक पांढरा मुखवटा होता. त्याच्यावर तीन कोनांची काळी टोपी आणि अंगावर काळा झगा असे. या मुखवट्याचा वरच्या ओठाचा भाग पुढे आलेला असे. त्यामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येई आणि बोलताना आवाजही बदले. मग समोरचा माणूस उमराव आहे की त्याचा नोकर, हे ओळखणे कठीण. दोघांनाही लोक एकाच नावाने हाक मारीत : ‘मुखवटेवाले महाशय’.

याची दुसरी बाजूही होती. व्हेनिसच्या सरकारने १६३८ साली एक जुगारघर उघडले. तेथे खेळायला येणाऱ्यांना मुखवटा घालण्याची सक्ती होती. त्या मुखवट्याआड कितीतरी खानदानी घराणी धुळीला मिळाली, तेव्हा कुठे १७७४ साली सरकारने ते बंद केले. मुखवटा घालून शस्त्र बाळगू नये, असेही हुकूम निघत. झाकलेल्या चेहऱ्याची राज्यकर्त्यांना नेहमीच भीती वाटते. बायकांसाठी ‘मोरेत्ता’ नावाचा काळा, लंबगोल मुखवटा असे. त्याला दोरी नसे. आतल्या बाजूला एक बटण असे आणि ते दातांत धरून ठेवावे लागे. म्हणजे मुखवटा घातला की बोलणे बंद! काही लोक याचे कौतुक करतात. मला मात्र ही कल्पना आवडत नाही.

आता रस्त्यावरून रंगमंचावर येऊ. भिंतीवरच्या मुखवट्यांपैकी बरेचसे नाटकातील पात्रांचे आहेत. इटलीत सोळाव्या शतकात फिरत्या नटांच्या मंडळ्या निघाल्या. १५४५ साली पादुआ या गावी आठ नटांनी एकत्र येऊन मंडळी चालवण्याचा लेखी करार केला. धंदेवाईक नटांचा असा हा सर्वांत जुना माहीत असलेला करार आहे. या नाटकप्रकाराला ‘कोमेदिया देल्लार्ते’ म्हणतात. त्यांची नाटके पूर्ण लिहिलेली नसत. कथेचा आराखडा तेवढा ठरलेला असे; संवाद नट जागच्या जागी रचत. आपल्या तमाशातील वगातही सोंगाड्या असेच आयत्या वेळचे संवाद बोलतो, हे तुम्हाला माहीत असेल.

या नाटकांतील पात्रे ठरलेली असत. पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा, चिकट व्यापारी. त्याचे नाक बाकदार आणि कपडे लाल. बोलोन्या हे विद्यापीठाचे गाव. तेथला ‘दोत्तोरे’ म्हणजे पंडित. तो अगाध बडबड करी. पण त्यातले निम्मे चुकीचे असे. पुल्चिनेल्ला हा नेपल्सचा. त्याचे नाक पक्ष्याच्या चोचीसारखे. पुढे इंग्लंडमध्ये जाऊन तो ‘पंच’ नावाची बाहुली बनला. आणि सर्वांचा लाडका आर्लेकिनो. तो बेर्गामो भागातला गरीब, भुकेला नोकर. त्याच्या अंगात ठिगळे लावलेले कपडे असत. पुढे त्या ठिगळांचीच रंगीबेरंगी चौकटींची नक्षी झाली. त्याचा मुखवटा काळा आणि कपाळावर एक टेंगूळ. मालकाची फजिती करणे हे त्याचे काम. शहरात ज्यांना मालकापुढे मान वर करता येत नसे, ते लोक आर्लेकिनोला पाहून पोट धरून हसत.

नाटकातील हे मुखवटे कातड्याचे असत आणि बहुतेक अर्धेच असत. कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग झाकला जाई. तोंड मोकळे राही, कारण नटाला बोलायचे असे. कारागीर आधी लाकडाचा साचा कोरी. त्यावर ओले कातडे ताणून बसवी आणि लहान हातोडीने हळूहळू ठोकून त्याला आकार देई. असे कातडे घाम शोषून घेते आणि वापरता वापरता नटाच्या चेहऱ्याला बसते. चांगला नट मान किंचित खाली घाली, तेव्हा मुखवटा उदास दिसे; मान वर करी, तेव्हा तोच मुखवटा हसू लागे. मुखवटा बदलत नसे. त्याच्यावर पडणारा उजेड आणि सावली बदलत असे. मान वळवणारा माणूस आत होता, म्हणून मुखवट्यात जीव होता.

तरीही मुखवट्यावर सर्वच खूश नव्हते. व्हेनिसचे मोठे नाटककार कार्लो गोल्दोनी यांना वाटे की मुखवट्यामुळे नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत आणि नाटकाचे नुकसान होते. त्यांनी आपल्या नाटकांतून मुखवटे हळूहळू कमी केले. पुढे मे १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यापुढे व्हेनिसचे जुने प्रजासत्ताक कोसळले. त्याच वर्षी शहर ऑस्ट्रियाला देण्यात आले. जुना कार्निव्हल संपला आणि रस्त्यावरचे मुखवटे दिसेनासे झाले.

रस्त्यावरचे मुखवटे गेले. पण मातीतले राहिले. ते असे. चिनी माती, म्हणजे पोर्सेलीन, बनवण्याचे रहस्य युरोपला फार उशिरा कळले. १७१० साली जर्मनीत माइसेन येथे त्याचा पहिला कारखाना निघाला. तेथे योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने १७३० नंतरच्या वर्षांत आर्लेकिनोच्या वीतभर उंचीच्या मूर्ती बनवल्या. १७६० च्या सुमारास म्युनिकजवळील निम्फेनबुर्ग येथे फ्रान्त्स आंतोन बुस्तेल्ली याने इटालियन नाटकातील सोळा पात्रांचा संच घडवला. राजेरजवाड्यांच्या मेजवानीत जेवणाच्या शेवटी गोड पदार्थ येत, तेव्हा मेजावर अशा मूर्ती मांडून ठेवत. भुकेल्या आर्लेकिनोची मूर्ती भरल्या ताटांशेजारी उभी! ती मांडणाऱ्यांना यातली मस्करी कळत होती की नाही, कोण जाणे. पण या मूर्तींमुळे पात्रांचे पोशाख, त्यांच्या उभे राहण्याच्या ढबी आणि मुखवट्यांचे आकार टिकून राहिले.

सुरुवातीला अश्रूवाल्या पांढऱ्या चेहऱ्याचा उल्लेख केला होता. तो पिएरोचा. मूळच्या इटालियन नाटकातील एक साधाभोळा नोकर पॅरिसला आलेल्या इटालियन मंडळींबरोबर फ्रान्समध्ये पोहोचला आणि पिएरो झाला. तो मुखवटा घालत नसे. चेहऱ्याला पांढरा रंग फाशी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एका लहान नाटकगृहात झाँ-गास्पार द्यब्युरो हा नट पिएरो होई. तो तोंडातून एक शब्दही काढत नसे. त्याला पाहायला मजूर येत आणि मोठमोठे लेखकही येत. त्याच्यामुळे विनोदी पिएरो हळूहळू दुःखी पिएरो बनला. गालावरचा अश्रू हा त्यानंतरच्या काळातला आहे. म्हणजे गंमत पाहा : ज्याने कधी मुखवटा घातलाच नाही, त्याच्याच चेहऱ्याचे भिंतीवरचे मुखवटे पुष्कळ बनले.

मूर्ती मेजावरून उतरून भिंतीवर केव्हा चढल्या? पहिल्या महायुद्धानंतर भिंतीवर टांगायच्या मातीच्या मुखवट्यांची मोठी आवड निर्माण झाली. यात व्हिएन्ना शहरातील गोल्डशायडर कारखान्याचे नाव पुढे होते. फ्रीडरिश गोल्डशायडर यांनी तो १८८५ साली काढला होता. १९२० ते १९४० च्या दरम्यान तेथे बनलेले स्त्रियांचे मुखवटे आजही ओळखू येतात. भोवऱ्यासारखे कुरळे केस, रंगवलेले ओठ, रिकामे डोळे. हे चेहरे एखाद्या विशिष्ट पात्राचे नाहीत. पण नाटकाचा संस्कार त्यांच्यावर स्पष्ट दिसतो, कारण येथे सगळे काही थोडे जास्तच ठळक केलेले असते. इंग्लंडमध्ये क्लॅरिस क्लिफ या कलावतीनेही त्या काळात भडक रंगांचे मुखवटे बनवले.

असा मुखवटा बनतो कसा, ते आता पाहू. कलाकार प्रथम मातीचा नमुना घडवतो. त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा तयार करतात. मग बारीक माती पाण्यात कालवून दाट सायीसारखा रबडा करतात आणि तो साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते. त्यामुळे साच्याच्या भिंतीलगत मातीचा थर जमू लागतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेला रबडा ओतून टाकतात. थोड्या वेळाने माती आकसून साच्यापासून सुटते आणि आतून पोकळ, हलका चेहरा बाहेर येतो. माती अजून ओलसर असतानाच डोळ्यांच्या खाचा कापतात, कडा साफ करतात आणि मागे टांगण्यासाठी भोक पाडतात. हे भोक विसरले, तर भट्टीनंतर काही उपाय नाही.

वाळल्यावर मुखवटा भट्टीत जातो. तेथे सुमारे हजार अंश सेल्सियस उष्णता असते. माती जर पुरती वाळलेली नसेल, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन चेहरा तडकतो. भाजून निघालेला मुखवटा खडबडीत आणि निस्तेज दिसतो. मग त्यावर रंग आणि झिलई चढवून पुन्हा भाजतात. झिलई म्हणजे एक प्रकारची काचच. तुमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीला जी चकाकी असते, ती झिलईचीच. सोनेरी रंग जास्त उष्णतेत टिकत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी लावतात आणि कमी उष्णतेत तिसऱ्यांदा भाजतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते. म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करावा लागतो.

इटलीत बनलेल्या अनेक मुखवट्यांवरची झिलई दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक असते. तिचा प्रवास मोठा आहे. नवव्या शतकात चीनची पांढरी भांडी इराकच्या बाजारात येत. तशी माती इराकमध्ये नव्हती. तेव्हा तेथील मुसलमान कुंभारांनी झिलईत कथिल मिसळून साध्या मातीवर पांढरा रंग आणला. ही विद्या पुढे स्पेनला गेली आणि स्पेनहून इटलीत आली. पिएरोच्या पांढऱ्या गालामागे बसऱ्याच्या कुंभाराची हिकमत आहे, हे तो मुखवटा विकत घेणाऱ्या फार थोड्यांना माहीत असेल.

मातीत उतरताना मुखवट्यात एक मोठा बदल झाला. नटाचा मुखवटा अर्धा होता. भिंतीवरचा मुखवटा बहुधा पूर्ण असतो. कारण खालचे अर्धे तोंड पुरवणारा नट आता नाही. म्हणून ओठ आणि हनुवटीही मातीचीच करावी लागते. नटाला मान वळवून हसता-रडता येई; मातीच्या चेहऱ्याला एकच भाव कायमचा निवडावा लागतो. मला वाटते, गालावर अश्रू रंगवण्याची पाळी म्हणूनच आली. जे दुःख नट हालचालीतून दाखवी, ते येथे रंगाने लिहून सांगावे लागते. चांगला कारागीर मात्र अश्रू न काढताही काम भागवतो. तो डोळ्यांच्या खाचा खोल ठेवतो, भुवईचे हाड उंच करतो आणि बाकीचे काम खिडकीतून येणाऱ्या उजेडावर सोपवतो. सकाळी आणि संध्याकाळी असा मुखवटा वेगळा दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कातड्याच्या मुखवट्यांनाही पुन्हा दिवस आले. १९४७ साली मिलान शहरात गोल्दोनींचे आर्लेकिनोवरचे नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा कातड्याचे मुखवटे बनवणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. मार्चेल्लो मोरेत्ती हा नट सुरुवातीला तोंडाला काळा रंग लावूनच आर्लेकिनो होई. मग पादुआचे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांनी जुन्या मुखवट्यांचा अभ्यास केला. लाकडी साच्यावर कातडे ठोकण्याची विद्या त्यांनी पुन्हा उभी केली. १९७९ च्या सुमारास व्हेनिसचा कार्निव्हलही पुन्हा सुरू झाला आणि मुखवट्यांची दुकाने निघाली. त्याच सुमारास अमेरिकेतही चिनी मातीच्या मुखवट्यांची लाट आली. पिएरो, आर्लेकिनो, घुंगरांची टोपी घातलेले विदूषक असे चेहरे साच्यांतून भराभर निघू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्ले आर्ट या कंपनीचे त्या काळातील मुखवटे आजही हौशी लोक शोधत असतात. त्यांत काही सुरेख आहेत. पुष्कळसे एकसारखे आणि निर्जीव आहेत.

जुना मुखवटा पाहायला मिळाला, तर तो पुढून पाहून झाल्यावर दोन्ही हातांनी जपून उलटा करा. झिलईवर केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसेल. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली, म्हणजे अशी जाळी पडते. पण केवळ जाळी पाहून मुखवटा जुना आहे असे समजू नका. नव्या वस्तूवरही ती मुद्दाम पाडता येते. साचा फार वेळा वापरला गेला असेल, तर नाकाची कड आणि पापण्या बोथट दिसतात. मागच्या बाजूला बहुधा कारखान्याचा शिक्काही असतो.

हे शिक्के वाचण्यासारखे असतात. गोल्डशायडर कुटुंब यहुदी होते. १९३८ साली हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया घेतला, तेव्हा त्यांचा कारखाना त्यांच्याकडून हिरावून घेण्यात आला आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. फ्रीडरिश यांचा एक मुलगा वाल्टर अमेरिकेत गेला, दुसरा मुलगा मार्सेल इंग्लंडमध्ये. दोघांनीही तेथे पुन्हा भट्ट्या पेटवल्या. म्हणून गोल्डशायडर हे एकच नाव काही वस्तूंच्या पाठीवर व्हिएन्ना शहराच्या नावासह दिसते, काहींवर अमेरिकेच्या आणि काहींवर इंग्लंडच्या.